सावळेरामची टाकी आणि बोरवंडचा गोटा

सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या माणसाला बाकी कशाचीही टंचाई असो, हवेची कधी पडत नाही. बोरवंडला तर आषाढात घरावरचे पत्रे धोंडे ठेवूनही जागेवर राहत नाहीत. अशा गावचा सावळेराम अधूनमधून पुण्याला जायचा तो हवा आणायला. घोडेगावच्या गेणभाऊच्या टेंपोत, टोमॅटोच्या क्रेटांच्या मधोमध, गोधडीत गुंडाळलेली पिवळी लोखंडी टाकी ठेवलेली असायची. जाताना रिकामी, येताना भरलेली, आणि दोन्ही वेळा दिसायला अगदी तशीच. मंचरच्या नाक्यावर एकदा हवालदाराने टेंपो थांबवून टाकीत काय आहे म्हणून विचारलं. सावळेराम म्हणाला, हवा. हवालदाराने टाकी उचलायला बघितली, ती हलेना, तेव्हा तो डोळे बारीक करून म्हणाला, हवा एवढी जड कशी? सावळेरामने अगदी शांतपणे सांगितलं, "पुण्याची हाय ना, साहेब."

हवालदार पुण्याचाच निघाला, त्यामुळे पुढे काय झालं ते गेणभाऊ कुणाला सांगत नाही.

सावळेराम पाणबुड्या होता. घोड नदीच्या डोहात तो चालायच्या आधी पोहायला शिकला असं त्याची आई सांगे, आणि आयांच्या सांगण्यातलं निम्मं सोडून दिलं तरी उरलेलं खरं असावं. डिंभ्याचं धरण झालं, जुनं बोरवंड पाण्याखाली गेलं आणि गाव वर टेकाडावर येऊन बसलं, तेव्हा सावळेरामने होडी धरली. पुढे नव्वदच्या दशकाच्या शेवटी धरणाच्या दरवाजाची जाळी साफ करायला मुंबईहून पाणबुड्यांची टोळी आली. त्यांचे म्होरके कर्णिक साहेब नौदलातून निवृत्त झालेले. त्यांना पाण्याखालची जमीन ओळखणारा माणूस हवा होता. सावळेराम होडीतून बोट दाखवून सांगायचा, इथं खाली भिकाचं खळं हाय, इथं आंबा व्हता, पाय अडकंल. दोन उन्हाळे गेल्यावर साहेबांनी त्याला पाठीवर टाकी बांधून खाली नेलं, नळीतून श्वास घ्यायला शिकवलं, आणि तिसऱ्या उन्हाळ्याला जाताना आपली एक जुनी टाकी, कमरेला बांधायचा शिशाच्या वजनांचा पट्टा आणि चष्मा त्याच्याकडे ठेवून गेले.

तेव्हापासून बेल्ह्यापासून खोडदपर्यंत कुणाच्या विहिरीत मोटर पडली, पाइप निसटला, की सावळेरामला बोलावणं यायचं. काठावर गेणभाऊ दोर धरून बसायचा, आणि सावळेराम खाली जाऊन मोटर बांधून द्यायचा.

साहेबांनी त्याला पाण्यात कसं वागायचं ते शिकवलंच, पण त्याहून जास्त जीव तोडून शिकवलं ते काठावर कसं वागायचं. ते म्हणायचे, पाणबुड्याला पाणी मारत नाही तेवढं सामान मारतं. पाण्यात टाकी पिसासारखी होते, पण पाण्यापर्यंत ती न्यावी लागतेच. टाकी उभी सोडून जायचं नाही, ती पडली की कुणाचा तरी पाय घेऊन जाते. उचलताना पाय रोवायचे, गुडघ्यात वाकायचं, ओझं पोटाशी घ्यायचं. वळायचं असेल तर पाय वळवायचे, कंबर पिळायची नाही. आणि टाकी पाठीवर घेताना जोडीदाराने ती मागून धरायचीच. आपण बसून पट्ट्यांत हात घालायचे, मग पायांच्या जोरावर उठायचं.

एकदा साहेब हे सांगत असताना सावळेरामची बायको अंजना गवताचा भारा घेऊन वाटेने येत होती. दम खायला तिने भारा उतरवला, आणि परत उचलायच्या वेळी तिथून जाणाऱ्या बाईला हाक मारून म्हणाली, "हात लाव गं जरा." दोघींनी गुडघे वाकवले, भारा आधी मांडीवर आला, मग चुंबळीवर, आणि अंजना ताठ मानेने चालायला लागली. साहेब हसून म्हणाले, "सावळेराम, तुझा मास्तर तर तुझ्या घरीच आहे." सावळेरामला ते मुळीच आवडलं नाही.

न आवडायला कारण होतं, आणि ते गोटा नावाचं होतं.

जुन्या बोरवंडात नदीकाठी मारुतीच्या पारावर एक काळा, गुळगुळीत, वाटोळा धोंडा होता. यात्रेच्या दिवशी गावची तरणी पोरं तो उचलायला बघायची. बहुतेकांच्या हातून तो नुसता डुलायचा. ज्याच्या खांद्यापर्यंत गेला, तो पुढे जन्मभर गोटेवाला. लग्नाच्या वर्षी सावळेरामने तो खांद्यावरून मागे टाकला होता, अंजनाच्या माहेरच्या माणसांसमोर. गोट्याची शिस्त मोठी कडक. त्याला एका वेळी एकाच माणसाने हात लावायचा. दोघांचे हात लागले की गोटा बाटला. आणि ज्याने तो उचलला, त्याच्या कुठल्याही ओझ्याला पुढे दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तसं करणं म्हणजे त्याचा अपमान. त्यामुळे सावळेराम धान्याचं पोतं उचलायला वाकला, की आजूबाजूची चांगली धडधाकट माणसं हात बांधून आदराने लांब उभी राहायची. आता असला आदर कुठल्या कंबरेला परवडेल, पण तेव्हा सावळेरामला तो फार गोड लागायचा.

गाव हलवायची वेळ आली तेव्हा देव वर गेले, चौकटी गेल्या, जाती-उखळं गेली. गोट्यासाठी चौघे पोरगे बैलगाडी घेऊन आले होते. म्हाताऱ्यांनी त्यांना परत पाठवलं. गोटा गाडीत घालायचा म्हणजे चार हात लागणार, ते चालायचं नाही. गोटेवाला खांद्यावर नेईल. सावळेराम म्हणाला, मी नेतो, काय घाई हाय. त्याच्या मनात असं होतं की सगळी हलवाहलव झाली, माणसं मोकळी झाली, म्हणजे शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गोटा घेऊन टेकाड चढावं. त्या वर्षी पाऊस लवकर आला. शेवटच्या दिवशी सावळेराम मिशा सारख्या करून खाली उतरला तर पाराच्या जागी पाणी होतं, आणि मारुतीच्या मोकळ्या देवळीचा नुसता माथा दिसत होता.

त्याला कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. यात्रेला पोरं पालथ्या मुठीने कपाळ पुसत वर आणलेल्या मारुतीभोवती नुसती उभी राहायची, आणि सावळेराम त्या दिवशी काही ना काही काम काढून पूर्वेकडच्या विहिरींवर जायचा.

तर असा हा माणूस. पाण्यात साहेबांचा आज्ञाधारक चेला, आणि काठावर आला की पुन्हा गोटेवाला. भिजलेल्या अंगाने, टाकी एका खांद्यावर टाकून तो विहिरीपासून टेंपोपर्यंत चालत जायचा, आणि शेतकरी पोराबाळांना दाखवायचे, बघ, गडी कसा हाय. गेणभाऊ सुरुवातीला हात लावायला पुढे व्हायचा. सावळेरामने त्याच्याकडे एकदाच असं बघितलं की त्याने तो नाद सोडला. अंजना घरी म्हणायची, साहेबांनी एवढं शिकवलं ते काय माशांना शिकवलं का? त्यावर सावळेराम ऐकू न आल्यासारखं करायचा. पाण्यात फार राहून कानाला दडे बसतात, हे निमित्त त्याला फार उपयोगी पडलं.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात खोडदला एका विहिरीतून मोटर काढून झाली. मालक खूश, चहा झाला, निघायची घाई. गेणभाऊने टेंपो बांधाला खेटून लावला होता, त्यामुळे मागे उभं राहायला धड जागा नव्हती. सावळेरामने जमिनीवरची टाकी उचलली, नेहमीसारखी पाठीतून, आणि पाय न हलवता तसाच वळून ती टेंपोत टाकायला गेला. टाकी आत गेली. सावळेराम तिथेच राहिला.

उसण भरली होती. साधीसुधी नव्हे, कंबरेत कुणीतरी खुंटी ठोकावी तशी. तो वाकलेला होता तसाच वाकून राहिला, दोन्ही हात टेंपोच्या फाळक्यावर. गेणभाऊला वाटलं काहीतरी पडलंय, म्हणून तोही शेजारी वाकून जमिनीवर शोधायला लागला. बराच वेळ दोघे मातीत बघत होते. पलीकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या भल्यामोठ्या ताटल्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या, आणि अलीकडे सावळेराम जमिनीकडे. शेवटी गेणभाऊने विचारलं, "काय पडलंय, राव?"

"मीच," सावळेराम म्हणाला.

मालक, त्याचे दोन भाऊ आणि एक गडी हे सगळे तिथेच उभे होते. टाकी उचलताना चौघांपैकी कुणीही हात पुढे केला नव्हता. गोटेवाल्याला हात लावायचा नसतो, हे खोडदपर्यंत पोहोचलेलं होतं. सावळेरामला टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटांवर पालथा घालून घरी आणलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अंजना पायाळू होती, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेली. अशा माणसाचा पाय कंबरेला लागला की उसण जाते असं मानतात, आणि पंचक्रोशीतली उसण भरलेली माणसं अंजनाच्या दारात येऊन पालथी पडायची. तिचं काम चाललेलं असलं तरी ती पदर खोचून बाहेर येई, कंबरेला तीनदा पाय लावी आणि परत चुलीकडे जाई. फक्त एका माणसाला तिने कधी पाय लावला नव्हता, कारण त्याची कंबर लोखंडाची होती.

सावळेरामने घोडेगावच्या डॉक्टरकडच्या गोळ्या घेतल्या, शेक घेतला, लेप लावला. डॉक्टरने सांगितलं की यापुढे असं वेडंवाकडं ओझं उचललं तर शेत विसरा आणि पाणीही विसरा. बायकोपुढे पालथं पडायला मात्र तो काही तयार होईना. शेवटी एका सकाळी शिंक आली आणि ती अर्ध्यावर अडकली, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, दार लावून घे. अंजनाने दार लावलं. पाय लावताना ती हसली नाही, हे तिचे मोठेच उपकार. पायाने गुण आला, गोळ्यांनी आला की पडून राहिल्याने आला, यावर गावात दोन मतं आहेत. पण महिन्याभरात सावळेराम उठला, आणि उठल्यावर अंजनाने त्याला रिकामा हंडा घेऊन उठबस करायला लावली. पाय रोवा, गुडघ्यात वाका, पोटाशी घ्या. बोल साहेबांचेच होते, फक्त धार जास्त होती. तो घाबरला होता, म्हणून ऐकत होता. पाणी सुटलं तर आपण कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी टेकाडावर मारुतीचं नवं देऊळ झालं. पार बांधला, आणि पाराच्या मधोमध गवंड्याला एक खळगा सोडायला सांगितला. त्या खळग्यात काय बसवायचं हे कुणी बोललं नाही, पण गावच्या सभेत सगळे एकाच माणसाकडे बघत होते. सावळेराम म्हणाला, आणतो. घरी आल्यावर अंजनाने त्याच्यासमोर भाकरी ठेवली आणि एकच अट घातली. साहेबांना बोलवायचं, आणि टाकी ती स्वतः धरणार.

साहेब आले. केस पूर्ण पांढरे झाले होते, पण पाण्यात उतरायची हौस तीच. मे महिना होता, धरण तळाला गेलं होतं, तरी नदीच्या खोलगटात पुरुष-दीड पुरुष पाणी उरलंच होतं. सगळं गाव काठावर आलं होतं. सावळेरामने होडी मुद्दाम बरीच लांब नेली, आणि टाकी पाठीवर घ्यायची वेळ आली तेव्हा अंजनाला म्हणाला, तू माझ्या आड वाकून धर, काठावरून दिसतं. अंजनाने पदर खोचला, गुडघे टेकून टाकी मागून उचलून धरली, त्याने बसूनच पट्ट्यांत हात घातले. पट्टा जरा जास्तच आवळत ती म्हणाली, "चोरी करताय का काय?"

खाली गढूळ होतं. पार हाताला लागला, आणि पाराच्या खाली, गाळात मानेपर्यंत रुतलेला गोटा. सावळेरामने त्याच्यावर हात ठेवला. मग त्याने आणि सोबत उतरलेल्या साहेबांनी हातांनी गाळ काढला, गोट्याला जाळं घातलं, आणि जाळ्याला खाली तोंड असलेल्या दोन मोठ्या पिशव्या बांधल्या. नळीने पिशव्यांत थोडीथोडी हवा सोडायची, घाई नाही, आणि गोट्याच्या वर किंवा खाली राहायचं नाही, बाजूला सरकायचं. पिशव्या फुगल्या. गोटा गाळातून सुटला तेव्हा आधी नुसता डुलला, यात्रेतल्या पोरांच्या हातून डुलायचा तसाच. मग उठला आणि सावकाश वर निघाला. ज्या गोट्याच्या जोरावर आपण इतकी वर्षं मिरवलं, त्याला दोन पिशव्या हवेने उचललं, हे बघून सावळेरामला पाण्यात हसू आलं आणि चष्म्यात पाणी शिरलं. ती पुण्याची हवा होती, हे एक बरं.

होडीने ओढत ओढत गोटा काठाला आणला. गुडघाभर पाण्यात तो जमिनीला टेकला आणि पिशव्या लोळल्या. आता काठ, आणि काठावरून टेकाड. लोकांनी ओरडून स्वागत केलं. मग आपोआप सगळे दोन पावलं मागे सरले.

सावळेराम टाकी उतरवून गोट्याजवळ आला. भोवती हात बांधून उभी असलेली माणसं त्याने बघितली. म्हातारा भिका डोळ्यांवर हात धरून बघत होता. हेच तर त्याला इतकी वर्षं हवं होतं, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत. त्याने पाय रोवले, गुडघ्यात वाकला, गोट्याला मिठी घातली. गोटा ओळखीचा लागला, आणि कंबरेतली ती जागाही ओळखीची लागली. अजून दुखत नव्हती, नुसती वाट बघत होती. उचलला तर उठेलही, निदान मांडीपर्यंत. त्यानंतर पाणी नाही, विहिरी नाहीत, होडीही नाही. नाही उचलला तर गोटा परत इथेच, आणि पाऊस काही लांब नव्हता. सावळेराम तसाच मिठी घालून बसून राहिला. फार वाईट वाटत होतं त्याला. रडू येईल की काय, अशी भीती वाटत होती.

मग मान न वळवता तो मोठ्याने म्हणाला, "अंजना, ये. हात लाव."

बाईमाणसाने गोट्याला हात लावायचा नाही, हे तर म्हाताऱ्यांच्या शिस्तीतही लिहून ठेवलं नव्हतं, इतकं ते कुणाच्या मनात आलं नव्हतं. अंजना पाण्यात उतरली. भिका म्हणाला, गोटा बाटंल रं. सावळेराम तेव्हा उठून उभा राहिला आणि गावाकडे तोंड केलं.

"एकट्यानं उचलायचा म्हणून बुडाला, बाबा," तो म्हणाला. "माझ्यापायी बुडाला. आता मला एकट्याला न्हाई उचलायचा. हात लावा समदी."

आधी गेणभाऊ आला, चप्पल काढून. मग ते चौघे आले, ज्यांना कधीकाळी बैलगाडीसकट परत पाठवलं होतं. ते आता बापे झाले होते. कुणीतरी वासा आणला, जाळं वाशाला बांधलं. साहेब काहीतरी सांगायला तोंड उघडत होते, पण तोवर अंजनाने सगळ्यांना दटावायला सुरुवात केली होती. पाय रोवा. पाठीतनं न्हाई, गुडघ्यातनं. मी म्हणंल तवा उठा, कुणी आधी शहाणपणा करायचा न्हाई. साहेबांनी तोंड मिटलं आणि वाशाचं एक टोक धरलं. ती म्हणाली तेव्हा सगळे उठले, आणि गोटा पाण्यातून वर आला, काळा, निथळणारा, अगदी होता तसा. भिकाने वाटेत दोनदा सांगितलं की हे काही खरं नव्हे. तिसऱ्यांदा सांगायला आला तेव्हा त्याचाही एक हात वाशावर होता.

पाराच्या खळग्यात गोटा बसला. लोक त्याच्याभोवती गर्दी करून त्याला हात लावत होते. बायका, पोरी, सगळेच. सावळेराम जरा मागे उभा होता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं, याचंच त्याला नवल वाटत होतं. अंजना पदराने हात पुसत शेजारी आली.

"कंबर?" तिने विचारलं.

"हाय जाग्यावर."

"न्हाईतर सांगा. पाय हाय माझा."

या वेळी सावळेरामने दार लावून घे असं म्हटलं नाही. तो आख्ख्या गावासमोर हसला, आणि खाली होडीत राहिलेली टाकी आणायला निघाला. दोन पावलं गेला, थांबला, आणि मागे वळून तिची वाट बघत उभा राहिला. वळताना त्याने आधी पाय वळवले.